प्रीपेड भ्रमणध्वनी सेवेतील दरबदल आणि रुपयाचे मूल्य : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

भारतातील भ्रमणध्वनी सेवेच्या दरांविषयी लिहिताना सर्वसाधारणपणे एकच मोजमाप वापरले जाते, ते म्हणजे एका मिनिटाच्या संभाषणाला पडणारा आकार. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण केले, त्या काळात गर्दीच्या वेळी एका मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास आकार पडत असे; शिवाय येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागत. आज बहुतेक प्रीपेड योजनांमध्ये बोलण्याला स्वतंत्र दरच उरलेला नाही. या एका आकड्यावरून पाहिले तर तीन दशकांत दूरध्वनीइतकी स्वस्त झालेली दुसरी वस्तू सापडणे कठीण आहे.

असे असूनही बारामती शहरातील एखाद्या मोबाइल दुकानात किंवा इंदापूर तालुक्यातील गावच्या चौकात 'रिचार्ज परवडत नाही' ही तक्रार २०१८ नंतर वारंवार ऐकू येऊ लागली. ही तक्रार अज्ञानातून आलेली नाही व वरील आकडेवारीही खोटी नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असण्याचे कारण असे की, या काळात केवळ दर बदलले नाहीत, तर विकली जाणारी वस्तूच बदलली. प्रारंभी ग्राहक मिनिट विकत घेत होता, पुढे तो सेकंद विकत घेऊ लागला आणि सरतेशेवटी तो दिवस विकत घेऊ लागला. या स्थित्यंतरात प्रीपेड ग्राहकाच्या एका रुपयाचे मूल्य कोणासाठी वाढले व कोणासाठी घटले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या परस्परलगतच्या दोन तालुक्यांतील आर्थिक जीवनाचा संदर्भ घेतला आहे.

उत्पन्नाची लय आणि प्रीपेड पद्धती :

या दोन तालुक्यांची निवड करण्यामागे एक कारण आहे. येथील कुटुंबांच्या हाती पैसा दरमहा एक तारखेला येत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या व उजनी जलाशयाच्या पाण्यावर येथील बागायत उभी आहे. माळेगाव व सोमेश्वर हे सहकारी साखर कारखाने बारामती तालुक्यात, तर भवानीनगरचा श्री छत्रपती कारखाना इंदापूर तालुक्यात आहे. उसाचे बिल गाळपानंतर मिळते आणि ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ते चौदा दिवसांत देणे बंधनकारक असले तरी प्रत्यक्षात ते अनेकदा हप्त्याहप्त्याने हाती पडते. दुधाचा पगार बहुधा दर दहा दिवसांनी होतो. सुपे-मोरगावकडील जिरायत पट्ट्यात मजुरी आठवड्याच्या बाजाराच्या हिशेबाने चालते. हंगामात बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून येणारी ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडत असतात; त्यांच्या हाती रोकड येते ती थोडी व अनियमित. वालचंदनगर व बारामती औद्योगिक वसाहतीतील पगारदार हा या सर्वांत वेगळा वर्ग आहे.

महिन्याचे बिल नंतर भरण्याची पोस्टपेड पद्धती अशा उत्पन्नाशी जुळणारी नव्हती. त्यासाठी पत्त्याचा पुरावा, अनामत व दरमहा ठरलेल्या तारखेला रक्कम भरण्याची ऐपत लागे. उलट प्रीपेडमध्ये हाती पैसा असेल तेव्हा तो आधी भरायचा आणि संपेपर्यंत बोलायचे, हा व्यवहार किराणा दुकानातून सुटी साखर आणण्यासारखाच होता. प्रीपेड सेवेचा ग्रामीण भागात झालेला प्रसार हा तंत्रज्ञानाचा जितका विजय आहे, तितकाच तो या सुट्या खरेदीचा विजय आहे. या लेखातील पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते, कारण पुढे जे बदलले ते नेमके हेच.

मिनिटाचा काळ :

दूरसंचार परवान्यांसाठी देशाची विभागणी मंडलांमध्ये करण्यात आली. महाराष्ट्र व गोवा मिळून एक मंडल झाले आणि मुंबई स्वतंत्र राहिली. महाराष्ट्र मंडलाचे आरंभीचे परवाने बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी या दोन कंपन्यांकडे होते. यांपैकी दुसरीचेच रूपांतर पुढे 'आयडिया'त झाले. या विभागणीचा एक परिणाम दीर्घकाळ जाणवला. बारामतीत घेतलेले सिम मुंबईत नोकरीला गेलेल्या मुलाच्या हाती 'रोमिंग'वर जात असे. राज्य एकच, भाषा एकच, परंतु दरपत्रकाच्या दृष्टीने ठाण्याच्या खाडीपलीकडे परमुलूख होता. रोमिंगवर येणारे कॉल बीएसएनएलने मोफत केले ते १५ जून २०१५ पासून. खासगी कंपन्यांनी त्यानंतर तोच मार्ग धरला.

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील ठोक परवाना शुल्काच्या जागी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली आणि दर उतरण्यास वाव मिळाला. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने बाजारात पाऊल टाकले. तथापि सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने निर्णायक तारीख १ मे २००३ ही होय. या दिवसापासून कॉल करणाऱ्यानेच पैसे द्यावेत, ही पद्धती लागू झाली आणि येणारा कॉल मोफत झाला.

या बदलाचे महत्त्व दरकपातीहून मोठे होते. तोपर्यंत भ्रमणध्वनी बाळगणाऱ्या व्यक्तीला इतरांच्या बोलण्याचाही खर्च सोसावा लागे. १ मे २००३ नंतर बाळगणे आणि बोलणे या दोन गोष्टी खर्चाच्या दृष्टीने वेगळ्या झाल्या. शेतावर गेलेल्या माणसाच्या, एस.टी.ने कॉलेजला येणाऱ्या मुलीच्या किंवा घरी एकट्या असलेल्या आजीच्या हाती केवळ ऐकण्यासाठी फोन देणे शक्य झाले. 'मिस्ड कॉल' ही भारतीय समाजाने निर्माण केलेली स्वतंत्र संदेशपद्धती याच फटीतून उगवली. एक रिंग म्हणजे सुखरूप पोहोचलो, दोन म्हणजे परत फोन कर, अशा खुणा घराघरांत ठरलेल्या असत. अर्थशास्त्राच्या भाषेत ग्राहकाने येथे शून्य किमतीत माहिती पोहोचविण्याचा मार्ग शोधला होता आणि कंपन्यांच्या यंत्रणेवर त्याचा भार पडत असला तरी उत्पन्न मात्र मिळत नव्हते.

त्या काळात आकारणीचे एकक मिनिट होते, ही बाब आज विस्मरणात गेली आहे. एकसष्ट सेकंदांच्या बोलण्याला दोन मिनिटांचे पैसे पडत. 'पोहोचलो, ठेवतो' एवढ्या बारा सेकंदांच्या वाक्यालाही पूर्ण मिनिटाचा आकार लागे. ग्रामीण भागातील बहुतेक कॉल आखूड असतात. त्यामुळे दरपत्रकावरील दर आणि प्रत्यक्षात पडणारा दर यांत मोठी तफावत राहत असे. १ मार्च २००६ रोजी बीएसएनएल व एमटीएनएलने 'वन इंडिया' योजनेद्वारे देशभर एक रुपया प्रतिमिनिट हा दर आणला, तेव्हा अंतराचा हिशेब जवळजवळ संपला. बारामतीचा सांकेतिक क्रमांक ०२११२ आणि इंदापूरचा ०२१११. स्थिर दूरध्वनीच्या काळात हे आकडे पाठ असणे हे व्यवहारज्ञानाचे लक्षण होते. भ्रमणध्वनीने ते निरुपयोगी केले. मिनिटाचा हिशेब मात्र अजून शिल्लक होता.

सेकंद, दहा रुपये आणि सात रुपये सत्तेचाळीस पैसे :

जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने एका सेकंदाला एक पैसा असा दर जाहीर केला व त्या वर्षाअखेरपर्यंत इतर कंपन्यांनाही सेकंदाची आकारणी आणावी लागली. वरवर पाहता एक पैसा प्रतिसेकंद म्हणजे साठ पैसे प्रतिमिनिट. परंतु बारा सेकंदांच्या कॉलला पूर्वी एक रुपया पडत असे, तेथे आता बारा पैसे पडू लागले. आखूड बोलणाऱ्या ग्राहकासाठी ही घट चाळीस टक्क्यांची नसून अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची होती. स्पर्धेतून ग्राहकाला मिळालेल्या संतोषाधिक्याचे इतके स्पष्ट उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते. त्या सुमारास एकेका मंडलात दहाच्या आसपास कंपन्या सेवा देत होत्या, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

याच सुमारास खुरडून पाहण्याच्या कागदी कार्डाची जागा दुकानदाराच्या फोनवरून होणाऱ्या रिचार्जने घेतली. छापील कार्ड ठरावीक रकमेचेच असे. आता रक्कम लहान करता येऊ लागली आणि दहा रुपयांचा 'छोटा रिचार्ज' रूढ झाला. शाम्पूच्या पुडीने ग्रामीण बाजारपेठेत जे केले, तेच दहाच्या रिचार्जने केले. मात्र पुडीचे अर्थशास्त्र येथेही लागू होते : लहान मापात घेणाऱ्याला वस्तू महाग पडते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच 'ट्राय'ने, टॉप-अपवरील प्रक्रिया शुल्काला रकमेच्या दहा टक्के किंवा तीन रुपये, यांपैकी जे कमी असेल ती मर्यादा घातली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला. या दोहोंचा हिशेब केला असता दहा रुपयांच्या रिचार्जवर ग्राहकाच्या खात्यात ७ रुपये ४७ पैसे जमा होतात. शंभर रुपये एकदम भरणाऱ्याला ८१ रुपये ७५ पैसे मिळतात. तीच शंभराची रक्कम दहा-दहाने भरणाऱ्याला ७४ रुपये ७० पैसे मिळतात. सात रुपये पाच पैशांचा हा फरक म्हणजे एकदम शंभर रुपये हाती नसण्याची किंमत होय. सणासुदीला जाहीर होणाऱ्या 'फुल टॉकटाइम'चे आकर्षण का होते, हे यावरून ध्यानी येते.

वैधतेचा प्रश्न या काळातही होता. मुदत संपली की खात्यातील शिल्लक गोठत असे. डिसेंबर २००५ पासून कंपन्यांनी हजार रुपयांच्या आतबाहेर एकरकमी घेऊन 'आजीवन वैधता' विकण्यास प्रारंभ केला. आजीवन म्हणजे ग्राहकाच्या नव्हे तर कंपनीच्या परवान्याच्या आयुष्यापुरते, हे अनेकांना नंतर कळले. तरीही या योजनेचा आशय महत्त्वाचा होता. सहा महिन्यांतून एखादे किमान रिचार्ज केले की क्रमांक चालू राहत असे. २०१३ मध्ये ट्रायने असाही नियम केला की, नव्वद दिवस वापर नसल्याखेरीज क्रमांक बंद करू नये आणि खात्यात किमान वीस रुपये असल्यास ते वापरून तो पुढे चालू ठेवता यावा. थोडक्यात, २००५ ते २०१८ या काळात नुसते 'संपर्कात असणे' जवळजवळ फुकट होते. बोलणाऱ्याने बोलण्यापुरते पैसे द्यायचे होते.

दिवसाचा काळ :

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली व ३१ मार्च २०१७ पर्यंत ती विनामूल्य राहिली. त्यापूर्वी एक जीबी डेटासाठी अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरही २९९ रुपयांच्या जिओ योजनेत अठ्ठावीस दिवस रोज दीड जीबी, म्हणजे एकूण ४२ जीबी डेटा होता. हा दर सव्वासात रुपये प्रतिजीबीहूनही कमी पडतो. बारामतीतील वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या किंवा २०२० मध्ये टाळेबंदीत घरी बसून वर्ग ऐकणाऱ्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने रुपयाचे मूल्य इतके वाढल्याचे दुसरे उदाहरण नाही. ही बाजू नाकारून चालणार नाही.

परंतु जिओने आणखी एक गोष्ट केली. बोलण्याला स्वतंत्र किंमत ठेवली नाही. व्हॉइस मोफत आणि डेटासह ठरावीक दिवसांची योजना, हे नवे माप झाले. इतर कंपन्यांना तेच माप स्वीकारावे लागले. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन व आयडिया यांचे विलीनीकरण झाले, लहान कंपन्या बंद पडल्या आणि बाजार तीन खासगी कंपन्या व बीएसएनएल एवढ्यावर आला. अल्पाधिकाराच्या या स्थितीत कंपन्यांचे लक्ष प्रतिग्राहक सरासरी उत्पन्नाकडे वळणे स्वाभाविक होते. एअरटेलचे हे मासिक उत्पन्न २०१८ च्या अखेरच्या तिमाहीत १०४ रुपये होते. २०२४ च्या त्याच तिमाहीत ते २४५ रुपये झाले.

ज्याच्याकडून काहीच उत्पन्न येत नव्हते, तो केवळ ऐकणारा ग्राहक या गणितात प्रथम सापडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये एअरटेल व व्होडाफोन आयडिया यांनी अठ्ठावीस दिवसांसाठी ३५ रुपयांचे किमान रिचार्ज आणले. ते न केल्यास प्रथम जाणारे व नंतर येणारे कॉल बंद होऊ लागले. खात्यात पैसे शिल्लक असूनही सेवा का थांबते, असा प्रश्न ट्रायने त्याच महिन्यात कंपन्यांना विचारला. तथापि किमान रिचार्जची पद्धत टिकली आणि तिची रक्कम चढत गेली. पुढील तक्त्यात एका कंपनीच्या, म्हणजे एअरटेलच्या, सर्वांत कमी रकमेच्या नियमित योजनांवरून ही चढण दाखविली आहे.

तक्ता क्र. १ : क्रमांक चालू ठेवण्याचा किमान खर्च (एअरटेल)

| काळ | रिचार्ज (रु.) | वैधता (दिवस) | प्रतिदिन खर्च (रु.) |
|---|---|---|---|
| नोव्हेंबर २०१८ | ३५ | २८ | १.२५ |
| जुलै २०२१ | ७९ | २८ | २.८२ |
| नोव्हेंबर २०२१ | ९९ | २८ | ३.५४ |
| २०२३ | १५५ | २४ | ६.४६ |
| जुलै २०२४ | १९९ | २८ | ७.११ |

वरील तक्ता वाचताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. ३५ रुपयांच्या योजनेत बोलण्याचा आकार स्वतंत्र होता. १९९ रुपयांच्या योजनेत अमर्याद कॉल व काही डेटा अंतर्भूत आहे. दोन्ही वस्तू एक नाहीत. दिवसाला तासभर बोलणाऱ्या व्यापाऱ्याला २०२४ ची योजनाच स्वस्त आहे, याविषयी दुमत होऊ नये. पूर्वी एक पैसा प्रतिसेकंद दराने त्याला अठ्ठावीस दिवसांत हजार रुपयांहून अधिक आकार पडला असता. परंतु महिन्याकाठी साठ मिनिटे बोलणाऱ्या वृद्धेचा २०१० मधील खर्च याच दराने छत्तीस रुपये, अधिक कर व शुल्क एवढा होता. तिला अमर्याद कॉलचा उपयोग नाही आणि डेटा चालेल असा फोनही बहुधा नाही. तिला हवी असलेली वस्तू, म्हणजे मुलाचा फोन येण्याची खात्री, आता सुटी मिळत नाही. ती घ्यायची तर संपूर्ण गाठोडे घ्यावे लागते.

अर्थशास्त्रात ज्याला द्विभाग दर म्हणतात त्यात एक प्रवेशशुल्क असते व एक वापराचा दर असतो. २००३ ते २०१८ या काळात प्रवेशशुल्क नगण्य होते आणि वापराचा दर घसरत होता. २०१८ नंतर वापराचा दर शून्यावर आला आणि प्रवेशशुल्क चढत गेले. कॉलचा सीमांत खर्च शून्याजवळ असताना अशी रचना कार्यक्षम असते, असे पाठ्यपुस्तक सांगते आणि ते बरोबर आहे. परंतु तेच पाठ्यपुस्तक हेही सांगते की, अशा रचनेत अल्पवापर करणारा ग्राहक बहुवापर करणाऱ्याच्या खर्चाचा भार उचलतो. वर्गात द्विभाग दर शिकविताना क्लबच्या सदस्यत्वाचे परकीय उदाहरण देण्याऐवजी विद्यार्थ्याच्या खिशातील रिचार्जचेच उदाहरण द्यावयास हरकत नाही.

या भागातील शेतकऱ्याच्या मापाने ही वाढ मोजून पाहता येते. २०१८-१९ च्या हंगामात केंद्र सरकारने उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, दहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये ठरविली होती. २०२४-२५ मध्ये ती सव्वादहा टक्के उताऱ्याला ३४० रुपये झाली. अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबाने वर्षाला तेरा रिचार्ज लागतात. २०१८ मध्ये तेरा रिचार्जचे ४५५ रुपये होत. ही साधारण पावणेदोन क्विंटल उसाची किंमत झाली. जुलै २०२४ च्या दराने तेरा रिचार्जचे २,५८७ रुपये होतात; त्यासाठी साडेसात क्विंटलांहून अधिक ऊस द्यावा लागतो. एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा होते, हे धरले तर ऊस आणखी लागेल. घरात तीन फोन असतील तर हिशेब तिप्पट होतो.

अठ्ठावीस या आकड्याविषयीही थोडे लिहिणे जरूर आहे. तेरा गुणिले अठ्ठावीस म्हणजे तीनशे चौसष्ट. 'महिन्याचे रिचार्ज' असे म्हणत ग्राहक वर्षाला तेरा महिने भरतो. या तक्रारीची दखल घेऊन ट्रायने २७ जानेवारी २०२२ रोजी प्रत्येक कंपनीने तीस दिवसांची व दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी अशा योजना ठेवाव्यात, असा आदेश दिला. परंतु दर दहा दिवसांनी दुधाचा पगार घेणाऱ्या कुटुंबाला अठ्ठावीस काय आणि तीस काय, दोन्ही आकडे परकेच आहेत. त्यांच्या अडचणीचे मूळ दिवसांच्या संख्येत नाही. सुटी खरेदी संपली, यात आहे. पगाराच्या दिवशी वीस रुपये, बाजाराच्या दिवशी दहा रुपये अशी विभागणी आता करता येत नाही. मुदत संपली आणि हाती दोनशे रुपये नसले तर फोन मुका व बहिरा होतो.

असा फोन बंद राहण्याचा अर्थही पूर्वीसारखा राहिलेला नाही. बँक खाते, आधार, पीएम-किसानची ई-केवायसी या सर्वांना एकाच क्रमांकावर येणारा ओटीपी लागतो. क्रमांक दीर्घकाळ बंद राहिला की तो काढून घेतला जातो व कालांतराने दुसऱ्यास मिळतो. हंगाम संपवून गावी परतलेल्या ऊसतोड कामगाराचा क्रमांक असा गेला, तर पुन्हा सर्व नोंदी बदलण्यासाठी त्याला मजुरी बुडवून केंद्रांच्या खेपा घालाव्या लागतात. रिचार्जच्या रकमेत हा खर्च कोठेच दिसत नाही.

विहिरीवरचे सिम :

या भागात एक ग्राहक असा आहे की, जो कधीच बोलत नाही. विहिरीवर, कालव्याच्या कडेला अथवा उजनीच्या फुगवट्यावर बसविलेल्या विद्युतपंपाच्या पेटीत 'मोबाइल स्टार्टर' असतो आणि त्यात एक सिम असते. पुण्यातील संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले 'नॅनो गणेश' हे या प्रकारातील गाजलेले उपकरण. त्यानंतर अनेक उत्पादकांची उपकरणे बाजारात आली. शेतीची वीज आठ तासांच्या पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. पंप घरापासून एक-दोन किलोमीटरवर, वाटेत ओढा, अंधार व विंचूकाटा. शेतकरी घरूनच त्या सिमवर फोन लावतो, मोटार सुरू होते किंवा बंद होते; वीज आहे की नाही हेही कळते. इंदापूर तालुक्यात जलाशयातून लांबवर पाइपलाइन करून पाणी उचलणाऱ्यांना या सोयीचे मोल अधिक आहे, कारण पाणी हटत जाते तसा पंपही काठाबरोबर पुढे न्यावा लागतो आणि घरापासूनचे अंतर वाढते.

या सिमचा सारा उपयोग येणाऱ्या कॉलपुरता आहे. अनेक स्टार्टर तर कॉल न उचलता केवळ रिंगवरच काम करतात; म्हणजे मिस्ड कॉलचीच ती यांत्रिक आवृत्ती होय. आजीवन वैधतेच्या काळात हे सिम एकदा घातले की वर्षानुवर्षे जवळजवळ विनाखर्च चालत असे. २०१८ नंतर त्यालाही दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज लागू लागले. अमर्याद कॉल, रोजचे संदेश, डेटा हे सारे त्या लोखंडी पेटीत पडून वाया जाते. घरातील माणसाचा फोन बंद पडला तर लगेच कळते; पंपाचे सिम बंद पडल्याचे कळते ते मध्यरात्री, पाळीची वीज आल्यावर. एकाहून अधिक विहिरी असणाऱ्या शेतकऱ्याला प्रत्येक सिमची तारीख लक्षात ठेवावी लागते. दूरसंचार विभागाने यंत्रा-यंत्रांतील संपर्कासाठी २०१८ मध्ये तेरा अंकी क्रमांकांची स्वतंत्र मालिका आणली, परंतु अशी सेवा प्रामुख्याने संस्थांशी होणाऱ्या करारांतून मिळते. चौकातल्या दुकानातून एक सिम घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी ती नाही.

नियामकाची मर्यादा आणि २०२४ ची दुरुस्ती :

दर चढत असताना नियामक काय करीत होता, असा प्रश्न साहजिकच पडतो. भ्रमणध्वनीचे दर ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना दिलेले आहे. कंपनी दर जाहीर करते व ठरावीक मुदतीत ट्रायला कळविते. ट्राय पारदर्शकता, योजनांची संख्या, वैधता, शुल्कमर्यादा अशा गोष्टींपुरता हस्तक्षेप करते. एका कंपनीच्या ग्राहकाचा कॉल दुसऱ्या कंपनीने पूर्ण करून देण्याबद्दलचा आंतरजोडणी आकार मात्र ट्रायने स्वतः ठरविला व टप्प्याटप्प्याने उतरविला. २००९ मध्ये तो मिनिटाला २० पैसे, २०१५ मध्ये १४ पैसे, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. या निर्णयाने बोलणे मोफत होण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु त्याचीच दुसरी बाजू अशी की, येणारा कॉल पूर्ण करून देणाऱ्या कंपनीला त्यापासून मिळणारे उत्पन्न संपले. केवळ ऐकणारा ग्राहक पूर्वी मिनिटाला वीस-तीस पैसे मिळवून देत होता, कारण त्याला फोन करणाऱ्याची कंपनी तेवढी रक्कम देत असे. तो आकार घटत शून्यावर आल्यावर हा ग्राहक कंपनीच्या दृष्टीने निव्वळ खर्चाचा धनी ठरला. किमान रिचार्जची सक्ती व आंतरजोडणी आकाराची घट या दोन घटना सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. त्या एकत्र वाचल्या पाहिजेत.

२३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने ग्राहक संरक्षण विनियमांत दुरुस्ती करून डेटा न घेणाऱ्यांसाठी केवळ कॉल व संदेश यांची योजना ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. विशेष दरयोजनांची कमाल वैधता नव्वद दिवसांवरून तीनशे पासष्ट दिवसांवर नेली. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ८४ दिवसांसाठी ४६९ रुपये व ३६५ दिवसांसाठी १,८४९ रुपये, तर जिओने ८४ दिवसांसाठी ४४८ रुपये व ३३६ दिवसांसाठी १,७४८ रुपये अशा योजना ठेवल्या. प्रतिदिन खर्च काढला तर एअरटेलच्या वार्षिक योजनेत तो ५ रुपये ७ पैसे येतो, ८४ दिवसांच्या योजनेत ५ रुपये ५८ पैसे.

म्हणजे सात रुपये अकरा पैशांवरून तो खाली आला. मात्र त्यासाठी एकदम अठराशे रुपये काढावे लागतात. ऊस उत्पादकाला हे कारखान्याच्या बिलाबरोबर जमू शकते. पंपाच्या सिमसाठी तर वार्षिक योजनाच सोयीची, कारण तारीख वर्षातून एकदाच लक्षात ठेवावी लागते. जिरायत भागातील मजूर स्त्रीला अठराशे रुपये एका वेळी काढणे शक्य नाही. दहाच्या व शंभराच्या रिचार्जमध्ये दिसलेला फरक येथे मोठ्या आकड्यांत पुन्हा दिसतो. अठ्ठावीस दिवसांचे रिचार्ज तेरा वेळा करणारी व्यक्ती वार्षिक योजना घेणाऱ्यापेक्षा वर्षाला ७३८ रुपये अधिक देते. त्याच दुरुस्तीनुसार प्रत्येक कंपनीने किमान एक दहा रुपयांचे टॉप-अप ठेवलेच पाहिजे. ते दुकानात मिळतेही. त्यातून ७ रुपये ४७ पैशांचा टॉकटाइम खात्यात जमा होतो, पण वैधतेची योजना चालू नसेल तर त्या पैशांतून फोन लागत नाही.